एडिटिंगचं पुस्तक हातात आलंय, आता ते संपवायचं कसं

व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय म्हटलं की सगळे यूट्यूबकडे बोट दाखवतात, आणि त्यात काही चूक नाही, अडलं की तिथेच जायचं असतं. पण आपलं नक्की कुठे अडलंय हेच कळत नसेल तर सर्च करणार काय? सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की समोर बटणांचा बाजार दिसतो आणि त्यातलं बहुतेक आत्ता लागणारच नाहीये हे सांगायला कोणीतरी लागतं. पुस्तक ते सांगतं, आधी हे, मग हे, आणि हे सध्या राहू दे. म्हणून मी तरी नवशिक्याला पुस्तकच सांगते. फक्त ते कादंबरीसारखं वाचायचं नाही, आणि प्रत्येक धडा दोनदा करायचा, एकदा त्यांच्या फुटेजवर आणि एकदा आपल्या. खरी गंमत त्या दुसऱ्या वेळेला आहे, पण ते पुढे.

आधी पुस्तक कुठलं ते बघू. फोर्टला फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तकं चाळताना एडिटिंगची जाडजूड पुस्तकं स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. घ्यायच्या आधी व्हर्जन बघा. प्रीमिअर म्हणजे अडोबी कंपनीचं एडिटिंग सॉफ्टवेअर, त्याचं सीएस६ वालं पुस्तक असेल तर ते २०१२ चं व्हर्जन, त्यानंतर अडोबी महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर गेलं आणि पडद्याची मांडणी बरीच बदलली, तरी कट करायची मूळ पद्धत तीच आहे, चालवून घेता येतं. फायनल कट प्रो ७ चं पुस्तक मात्र शिकायला घेऊच नका, २०११ मध्ये अॅपलने ते सॉफ्टवेअर पूर्ण नव्याने लिहिलं, टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) चालते कशी तेच बदललं, शिवाय ते फक्त मॅकवर चालतं. दुसरं म्हणजे शेवटचं पान उलटून बघा, सरावाचं फुटेज सीडीवर असेल तर तुमच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह आहे का? आणि डाउनलोडसाठी कोड दिला असेल तर तो आधीच्या मालकाने वापरलेला असू शकतो. फुटेज नसलेलं एडिटिंगचं पुस्तक म्हणजे नुसती रद्दी.

खिशातून काहीच घालवायचं नसेल तर डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या. ब्लॅकमॅजिक डिझाइन ही कंपनी ते बनवते, फ्री व्हर्जनमध्ये नवशिक्याला लागणारं सगळं आहे आणि अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्टही होतो (म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढता येते), वॉटरमार्क नाही (फक्त पेड व्हर्जनचं एखादं फीचर वापरलंत तर त्यावर येतो). मुख्य म्हणजे त्यांची स्वतःची ट्रेनिंगची पुस्तकं पीडीएफमध्ये त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, सरावाच्या फुटेजसकट. इंग्रजी आहे पण सोपं आहे, दहावीपर्यंतचं इंग्रजी पुरतं. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर बरं, ८ वाला रडतो. तुमचा ८ वाला असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह बघा, दोन्ही फुकट आणि हलकी आहेत, किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन रॅम वाढवता येते का विचारा, काही लॅपटॉपमध्ये ती सोल्डर केलेली असते मग विषयच संपला.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. पुस्तक ज्या व्हर्जनचं आहे तेच व्हर्जन टाका. नवं आलंय म्हणून नवं टाकायचं नाही. पुस्तकात लिहिलंय डावीकडचं तिसरं बटण आणि तुमच्याकडे तिथे भलतंच काहीतरी, मग अर्धा तास बटण शोधण्यात जातो आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. ब्लॅकमॅजिकच्या सपोर्ट पेजवर जुनी व्हर्जन्सपण डाउनलोडला असतात. पुस्तक संपलं की मग अपडेट करा, पण अपडेट करताना ध्यानात ठेवा, जुना प्रोजेक्ट नव्यात उघडतो, नव्यात केलेला जुन्यात उघडत नाही.

फुटेजची झिप काही जीबीची असते, रात्री लावून झोपा. सकाळी ती आधी एक्सट्रॅक्ट करा, झिपच्या आतूनच फाइल ओढून सॉफ्टवेअरमध्ये टाकणारे खूप असतात आणि मग काही चालत नाही. एक फोल्डर करा, त्याला नाव द्या, आणि पुस्तक संपेपर्यंत त्याला हात लावू नका, ना नाव बदलायचं ना जागा. कारण एडिटिंग सॉफ्टवेअर तुमचा व्हिडिओ स्वतःच्या पोटात घेत नाही, तो कुठे ठेवलाय एवढा पत्ता फक्त लिहून ठेवतं. फोल्डर हलवला की पत्ता चुकतो आणि पडदा लाल होऊन मीडिया ऑफलाइन असं येतं. घाबरायचं काही नाही, क्लिपवर राइट क्लिक करून रीलिंक करायचं आणि नवा फोल्डर दाखवायचा, पण पहिल्याच दिवशी लाल पडदा बघून लॅपटॉप बंद करणारे असतात म्हणून सांगितलं.

वाचायचं कधी, तर कल्याण किंवा विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथे, उभ्याने मोबाइलवर पीडीएफ वाचवत नाही. आजचा धडा ट्रेनमध्ये एकदा नुसता वाचून काढायचा, कळला नाही तरी चालेल, आणि रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर तोच धडा हाताने करायचा. एकाच स्क्रीनवर पीडीएफ आणि सॉफ्टवेअर दोन्ही उघडून शिकायला जाऊ नका, मान इकडून तिकडे आणि खिडक्या वरखाली करण्यातच जीव जातो. पहिल्या तीनचार धड्यांची झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल करून घ्या, पेन्सिलने त्यावर गिरवा, चहाचा डाग पडला तरी हरकत नाही. अख्खं पुस्तक प्रिंट करू नका, पाचसहाशे पानं असतात.

पुस्तकात कीबोर्डचे शॉर्टकट दिलेले असतात ते बऱ्याचदा मॅकचे. कमांड लिहिलं असेल तिथे कंट्रोल, ऑप्शन लिहिलं असेल तिथे ऑल्ट. आणि एफ९, एफ१०, एफ१२ दाबल्यावर क्लिप टाइमलाइनवर येण्याऐवजी आवाज कमीजास्त होत असेल तर लॅपटॉपची एफएन की धरून दाबा. शॉर्टकटची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. जे, के, एल (मागे, थांब, पुढे), आय आणि ओ (इथून इथपर्यंत), कंट्रोल बी (इथे काप), एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. एक मात्र बोटांना पहिल्यापासून शिकवा, रिझॉल्व्हमध्ये बॅकस्पेसने क्लिप काढली की तिथे रिकामी जागा राहते आणि डिलीटने काढली की पुढचं सगळं मागे सरकून जागा भरते. प्रीमिअरमध्ये साध्या डिलीटने जागा राहते आणि शिफ्ट डिलीटने भरते. दोन्ही सॉफ्टवेअर एकदम शिकणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो, त्यामुळे एका वेळी एकच.

रिझॉल्व्हची टाइमलाइन ०१:००:००:०० पासून सुरू होते, म्हणजे एक तास. तुमचा व्हिडिओ एक तासाचा झालेला नाही, ती नुसती सुरुवातीची पाटी आहे. शेवटचे दोन आकडे फ्रेमचे (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र), सेकंदांचे नाहीत, त्यामुळे सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये ते २३ पर्यंत जातात आणि मग सेकंद पुढे सरकतो.

फ्रेमवरून आठवलं. बाहेरच्या पुस्तकांतलं फुटेज बहुतेक वेळा २४ फ्रेमचं असतं आणि ते सांगतात म्हणून आपण २४ सेट करतो, ठीक आहे, त्यांचा धडा करताना तसंच करा. आपला मोबाइल मात्र ३० वर शूट करतो. आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली ३० वर शूट केलं की कधीकधी पट्टे फिरताना दिसतात. जमलं तर २५ वर शूट करा, शटर १/५० (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड), आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवायचा ऑप्शन चालू केला की २५ येतं. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप आत घ्यायच्या आधीच ठरवायचा, नंतर बदलता येत नाही. आपल्या फुटेजसाठी म्हणून वेगळा प्रोजेक्ट करा, पुस्तकाच्या प्रोजेक्टमध्ये घुसडू नका.

आता तो दुसरा राऊंड. पुस्तकाचं फुटेज फार गोड असतं, प्रत्येक शॉट स्टेडी, आवाज स्वच्छ, उजेड परफेक्ट, त्यामुळे धडा संपला की आपण एडिटर झालो असं वाटतं. मग मामेबहिणीच्या हळदीचं फुटेज समोर येतं, अर्धं हललेलं, त्यात डीजे, त्यात कोणीतरी मध्ये आलेलं, आणि हात चालत नाही. म्हणून प्रत्येक धड्यानंतर तेच आपल्या मालावर करायचं. त्यासाठी आधी एकदा शूट करून ठेवा. बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला घ्या. काका, शिकायला म्हणून जरा शूट करू का असं विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत. निखारे, पाण्याचा शिपका, शर्टाची कॉलर, घडी, कपड्यांची थप्पी, त्यांचा चेहरा, लांबून अख्खी टपरी, प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद धरा. तेच काम पुन्हापुन्हा होत असतं त्यामुळे राहिलेला शॉट परत मिळतो, आणि हात हलत असताना कट केला की जोड कसा लपतो ते इथे जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. तिथला नुसता आवाजपण मिनिटभर रेकॉर्ड करा, कोणी बोलत नसतानाचा, कटच्या मधे आवाज एकदम मेल्यासारखा होतो तिथे हाच खाली पसरायचा. स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, त्यामुळे पहिल्याच प्रॅक्टिसला दादरच्या पुलावर ट्रायपॉड लावू नका.

मोबाइलमधून लॅपटॉपवर आणताना केबलने आणा. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ पार दाबून टाकलेला असतो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आयफोनवाल्यांनी कॅमेरा फॉरमॅटमध्ये मोस्ट कॉम्पॅटिबल निवडा, नाहीतर एचईव्हीसी फाइल (जास्त दाबलेला व्हिडिओ) येते आणि जुना लॅपटॉप अडकत चालतो. तरी अडकत असेल तर प्रॉक्सी करा, म्हणजे सॉफ्टवेअर कामापुरती हलकी कॉपी बनवतं आणि एक्सपोर्टला मूळ फाइल घेतं. आणि ओठ आणि आवाज हळूहळू सुटत चालले असतील तर मोबाइलने फ्रेम रेट वरखाली करत शूट केलेलं असतं, हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या.

पुस्तकातल्या क्रमाला मी मान देते पण एका बाबतीत नाही. एक्सपोर्टचा धडा बहुतेक पुस्तकांत शेवटी असतो, तो पहिल्याच आठवड्यात करा. वीस सेकंदांचा का होईना, एमपी४ बनवून घरच्या ग्रुपवर टाकला की पुढचं शिकायला जोर येतो. एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये एच.२६४ हा फॉरमॅट निवडा, १०८० साठी ८ ते १० एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) पुष्कळ झाला. त्यानंतर कटिंग, मग आवाज, मग कलर. फ्यूजन, म्हणजे ते नोड्सवालं इफेक्टचं प्रकरण, बिनधास्त सोडून द्या, त्याच्यावर अडून पुस्तक बंद झालेले कितीतरी असतील.

कटिंगच्या धड्यांमधे दोन गोष्टींवर वेळ घालवा. एक थ्री पॉइंट एडिटिंग. क्लिपमध्ये कुठून आणि कुठपर्यंत, टाइमलाइनवर कुठून आणि कुठपर्यंत, अशा चार खुणा, त्यातल्या तीन तुम्ही द्यायच्या, चौथी सॉफ्टवेअर काढतं. माउसने ओढून टाकायची सवय असलेल्यांना हे उगाच वाटतं, पण काकांच्या बोलण्यावर बरोबर चार सेकंदांची खिडकी आहे आणि तिथे निखाऱ्याचा शॉट बसवायचाय, तेव्हा ओढाओढी करणारा दहा मिनिटं घेतो आणि थ्री पॉइंटवाला दोन कीमध्ये मोकळा. दुसरं, आवाज आणि चित्र वेगवेगळ्या जागी कापणं. घरात बूट घालणारा माणूस दिसतोय आणि वरून ऐकू येतंय पुढील स्टेशन दादर, अगला स्टेशन दादर, मग ट्रेन दिसते. आवाज आधी आला तर तो जे कट, आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर लांबला तर एल कट. पुस्तकात यावर जेमतेम दोन पानं असतील, तुम्ही त्यावर चार संध्याकाळी द्या.

आवाजाच्या धड्यात हेडफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर शेजारच्या कुकरची शिट्टी कळतच नाही. बोलण्याचा मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीमध्ये नाचू द्या, शून्याला टेकला की फाटला.

पुस्तकातून असं काही येतं का, असं घरात कोणी विचारलंच तर दादासाहेब फाळक्यांचं सांगा. १९१२ मध्ये लंडनला गेले त्याच्या आधी ते सिनेमावर मिळेल ते छापील वाचत होते, आणि परत आल्यावर एकदम राजा हरिश्चंद्र नाही केला, आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना थोडंथोडं शूट करून त्याची छोटी फिल्म केली आणि पैसे लावू शकतील अशांना ती दाखवली. मोठा सिनेमा नंतर, ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. तुमचा वाटाणा म्हणजे तो इस्त्रीवाला. त्याचा एक मिनिटाचा कट करा, मग तोच तीस सेकंदांवर आणा, आणि काकांना नेऊन दाखवा, ते कुठे कंटाळतात ते बघून ठेवा.

एक धडा झाला की प्रोजेक्टचा बॅकअप घ्या. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट साध्या फाइलसारखा फोल्डरमध्ये दिसत नाही, तो त्याच्या डेटाबेसमध्ये असतो, त्यामुळे लॅपटॉप फॉरमॅट केलात तर गेला. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून एक्सपोर्ट केलं की डीआरपी फाइल मिळते, ती पेन ड्राइव्हवर ठेवा, फुटेजसकट हवं असेल तर आर्काइव्ह. आणि महिन्याभराने सी ड्राइव्ह लाल दिसायला लागला तर नवी हार्ड डिस्क घ्यायला पळू नका, आधी प्लेबॅक मेन्यूत जाऊन रेंडर कॅशे (सॉफ्टवेअरने प्लेबॅकसाठी बनवून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल) डिलीट करा, बरेच जीबी तिथेच अडकलेले असतात.