तीस गुणांचा मोह

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्या भाऊंकडे आम्ही रोबोच्या एका हुकासाठी तीन चकरा मारल्या. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. सामन्यांत त्या हुकाने किती गुण दिले? शून्य.

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेचा 2024-25 चा खेळ होता 'इन्टू द डीप'. ठोकळा वरच्या टोपलीत टाकला की 8 गुण, खालच्या टोपलीत 4. क्लिप लावून वरच्या दांडीला अडकवला तर 10. शेवटी रोबोनेच दांडीला लटकायचं: दुसऱ्या पातळीला 15, तिसऱ्या पातळीला 30. तीसचा आकडा दिसला आन् आम्ही पुढचं काही वाचलंच नाही.

हिशेब फार उशिरा मांडला, तोही वहीच्या मागच्या पानावर. तिसऱ्या पातळीला आम्हाला 20 सेकंद लागत, आणि सरावात पाचातून एकदाच जमायचं. म्हणजे सरासरी 6 गुण. दुसरी पातळी 6 सेकंदांत, पाचातून चारदा; सरासरी 12. वर उरलेल्या 14 सेकंदांत एक ठोकळा वरच्या टोपलीत जायचाच, त्याचे 8. 6 कुठे आणि 20 कुठे! तेव्हा नियमपुस्तक हाती आलं की आधी हे कोष्टक करा: गुण, लागणारे सेकंद, दहातून किती वेळा जमतं. तिसरा रकाना मनाने भरू नका. घड्याळ लावून, दहा वेळा करून भरा.

दुसरी चूक ऑटोनॉमसची. पहिल्या 30 सेकंदांत रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो. त्या खेळात तेव्हा टाकलेला ठोकळा शेवटपर्यंत टोपलीत राहिला तर टेलिऑपमध्ये, म्हणजे आपण रोबो चालवतो त्या पुढच्या भागात, पुन्हा मोजला जायचा. म्हणजे वरच्या टोपलीतला एकच ठोकळा 16 चा! आमचा कोडिंगवाला पोरगा मात्र महिनाभर रिकामा बसला होता, कारण रोबो कायम हुकासाठी उघडलेला. चाकांचा सांगाडा पहिल्या आठवड्यातच त्याच्या हाती द्या, वरचं काम नंतर होत राहील.

पैशाचं म्हणाल तर आधी दुसरी बॅटरी आणि चार्जर, मग बाकीचं. अर्धी उतरलेली 12 व्होल्टची बॅटरी लावली की ठोकळा वर नेणारी लिफ्ट हळू चढते, वेळेवर बेतलेला प्रोग्राम चुकतो, आणि दोष कोडवर जातो. आम्ही आठ दिवस कोडच शोधत बसलो होतो! स्क्रू, नट, झिप टाय इतवारीत मिळतात, वायरी बर्डीवर. बाहेरून मागवायचे ते मोटर आणि सर्वो (ठराविक कोनात फिरणारी छोटी मोटर). ते कधी येतील याचा भरवसा नाही, म्हणून एकेक जास्तीचा ठेवा.

लिफ्टचा दोरा रोज बोटाने चाचपत जा. आमचा पुलीच्या कडेला घासून घासून पिंजला होता, आणि तुटला तो दुसऱ्या सामन्यात, ठोकळा टोपलीच्या वर असताना. बॅगेत तीन जास्तीचे हुक होते. दोरा नव्हता.