गेटपास कंपनीचा, कागद कोणाचा?

माझ्या गेटपासवर कंपनीचं नाव होतं. युनिफॉर्मच्या खिशावर तेच नाव शिवलेलं होतं. पोरगी नाशिकला मोठ्या कंपनीत लागली म्हणून आईने चाळीसगावला अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. जून २०१६ ते एप्रिल २०१९, म्हणजे २ वर्षं १० महिने, मी रोज त्या गेटमधून आत गेले आणि बाहेर आले. आणि एवढ्या काळात त्या कंपनीच्या एकाही हजेरीपटावर कर्मचारी म्हणून माझं नाव नव्हतं. हे मला कळलं ते दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेल्यावर. इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाचं आठवलं की अजून घसा दाटतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार, मालेगाव, येवला या बाजूंनी डिप्लोमा किंवा आयटीआय करून जी मुलं-मुली नाशिकला येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बायोडेटा कसा करायचा, सर्टिफिकेटच्या झेरॉक्स किती न्यायच्या, हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून त्यात जात नाही.

आधी राहण्याचं बोलू, कारण पहिली चूक तिथेच होते. गाडीतून नाशिकरोडला उतरलं की नाशिक आलं असं वाटतं, पण मूळ शहर तिथून आठ-नऊ किलोमीटर पुढे आहे आणि कामाच्या जागा त्याच्याही पलीकडे. सातपूर आणि अंबड या दोन एमआयडीसी शहराला लागून आहेत. सिन्नर पुणे रस्त्यावर, गोंदे-वाडीवऱ्हे मुंबई रस्त्यावर, विमानांचा सरकारी कारखाना एचएएल ओझरला. ही ठिकाणं चारी दिशांना पसरलीत. मावशी जेलरोडला राहते म्हणून मी तिच्याकडे उतरले आणि काम लागलं अंबडला. फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे साडेचारला उठायचं, द्वारका चौकापर्यंत शेअर रिक्षा, तिथून दुसरी, आणि गरवारे पॉइंटपासून पुढे पायी. तीन महिन्यांत माझं चार किलो वजन उतरलं. नातेवाइकांची माया खरी असते, पण खोली कामाच्या जवळच घ्या. अंबडला काम असेल तर पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक हा सिडकोचा भाग किंवा पाथर्डी फाटा. सातपूरला असेल तर अशोकनगर, श्रमिकनगर. गंगापूर रोड, कॉलेज रोड दिसायला छान आहेत, पण पहिल्या पगारात तिकडे खोली परवडत नाही. गोंदे किंवा सिन्नरला लागलात तर कंपनीची बस कुठल्या चौकातून सुटते ते विचारा आणि त्या चौकाजवळ राहा. आम्ही आलो तेव्हा शहरातल्या बसही एसटीच्याच होत्या. आता २०२१ पासून महापालिकेच्या सिटीलिंक बस आहेत, त्यामुळे दिवसा बरं पडतं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मात्र स्वतःची सोय हवीच. मुलींनी तर कंपनी रात्री घरापर्यंत सोडते का, हे रुजू व्हायच्या आधीच विचारून घ्यावं. विचारायला लाजू नका, मी लाजले होते.

आता मुद्द्यावर येते.

मला ज्या माणसाने कामाला लावलं, तो गावाकडच्या ओळखीतला होता. ‘कंपनीत डायरेक्ट लावून देतो’ म्हणाला. एका ऑफिसात नेलं, चार पानांवर सह्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म आणि गेटपास मिळाला. त्या पानांवर वरच्या बाजूला कंपनीचं नाव नव्हतं, एका एजन्सीचं होतं. ‘कर्मचारी’ हा शब्द कुठेच नव्हता, ‘प्रशिक्षणार्थी’ होता. ‘वेतन’ नव्हतं, ‘स्टायपेंड’ होतं. मी वाचलं होतं, डोळ्यांखालून गेलं होतं. पण समोर खरोखरचं गेट होतं, आत खरोखरची असेंब्ली लाइन होती, त्यामुळे हे शब्द म्हणजे फॉर्मवरची औपचारिकता असेल असं मी धरून चालले.

त्या काळी ‘नीम’ नावाची योजना होती. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१३ मध्ये आणलेली. काम करता करता शिका, ३ महिन्यांपासून ३६ महिन्यांपर्यंत. हेतू वाईट नव्हता. पण त्यात तुम्ही एजन्सीचे प्रशिक्षणार्थी असता, कोणाचेच कर्मचारी नसता. म्हणून पीएफ नाही, ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तोही नाही. लाइनवर मी पॅनेल वायरिंग करत होते, तारेच्या टोकाला लग (धातूचा जोड) दाबून बसवत, म्हणजे क्रिंप करत होते, टॉर्क मार्क देत होते, पुढे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि रूटीन टेस्टलाही बसवलं. शेजारी कायम कामगार तेच काम करत होते. पावसाळ्यात मला डेंग्यू झाला तेव्हा शेजारची ताई म्हणाली, ‘अगं, ईएसआयचं कार्ड घेऊन जा ना.’ माझ्याकडे कार्डच नव्हतं. चार दिवसांचं खाजगी दवाखान्याचं बिल बाबांनी कापसाच्या पैशातून भरलं. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. कायम होणार आहोत, मध्येच कशाला तोंड वाईट करून घ्या, असं सगळ्या मुलींचं म्हणणं होतं, माझंही.

मग एप्रिल २०१९ मध्ये गोंद्याच्या एका कंपनीत टेस्टिंगसाठी बोलावलं. प्रॅक्टिकल उत्तम झालं. शेवटी एचआरच्या बाईंनी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर मागितला. म्हटलं, तो नाही. पीएफ कापलेला दिसणारी एखादी पगाराची स्लिप? तीही नाही. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही फ्रेशर आहात.’ त्यात त्यांची काही चूक नव्हती. अनुभव मोजायला त्यांना कागद लागतो आणि माझ्या कागदावर अनुभव हा शब्दच नव्हता. मला फ्रेशरचा पगार मिळाला. माझ्या मागून आलेल्या, कुठल्याशा शेडमध्ये दीडच वर्षं काम केलेल्या मुलाला माझ्यापेक्षा साडेतीन हजार जास्त मिळाले, कारण त्या शेडच्या मालकाने पहिल्या महिन्यापासून त्याचा पीएफ भरला होता.

ती योजना आता बंद झालीय. म्हणून निर्धास्त होऊ नका, नावं बदलतात. कागद हातात आला की सही करायच्या आधी घरी नेऊन तीनदा वाचा. ‘इथेच करा, घरी नेता येत नाही’ असं म्हणाले तर सरळ उठा. वर नाव कोणाचं आहे? कंपनीचं, ठेकेदाराचं, की एजन्सीचं? तुम्हाला काय म्हटलंय? पैशाला काय म्हटलंय? मुदत किती आणि मुदतीनंतर काय? तोंडी ‘कायम करू’ आणि कागदावर गप्प, असं असेल तर कागद खरा माना.

इथे एक गोंधळ होतो. खरी अप्रेंटिसशिप वाईट नाही. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप सरकारी पोर्टलवर नोंदली जाते, तिचा करार असतो, मुदत ठरलेली असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पीएफ तिथेही नसतो, पण त्या प्रमाणपत्राला पुढे किंमत आहे. आयटीआयवाल्यांनी एचएएलसारख्या ठिकाणची अप्रेंटिसशिप मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. घात होतो तो अप्रेंटिसशिपच्या नावाखाली नोंदणी नसलेल्या, एक वर्षाची दोन, दोनाची तीन होत जाणाऱ्या प्रकारात. पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक मागा. खरं असेल तर दोन मिनिटांत देतात.

ठेकेदाराकडे लागलात तरी हरकत नाही, निम्मी एमआयडीसी तशीच चालते. पण पीएफ भरला जातोय का ते स्वतः बघा. स्लिपवर कापलेला दिसला म्हणजे भरला असं नाही. मागच्या महिन्याचा पीएफ या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, तेव्हा २० तारखेच्या सुमारास मोबाइलवर पासबुक उघडून पाहायची सवय लावा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होते. कार्ड काढून ठेवा, आजारी पडायच्या आधी. आणि ठेकेदार सात महिन्यांनी ब्रेक देतो, म्हणजे काही दिवस कामावरून काढतो, तो तुमचं काम वाईट म्हणून नव्हे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, सलग २४० दिवस भरलेल्या कामगाराला कायम करण्याचं कलम होतं, तेव्हापासून पडलेली ही रीत आहे. ब्रेक मिळाला म्हणून रडत गावी जाऊ नका. ते पंधरा-वीस दिवस दुसरीकडे इंटरव्ह्यू द्या.

मी जवळजवळ तीन वर्षं का अडकले, याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं, याचं एक कारण नाशिकच आहे. स्टायपेंड ९,२०० होता. पवननगरच्या मागे दोघींत खोली, माझ्या वाट्याला १,७५०. खानावळीच्या डब्याचे १,८००. घरी ३,००० पाठवून महिना निघत होता. हवा चांगली, पाणी चांगलं, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजी स्वस्त, सुट्टीला मैत्रिणींबरोबर मिसळ, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाने भरलेला मोठा हौद, बघायला जायचं. कशाची टंचाई जाणवत नव्हती. मुंबई-पुण्यात एवढ्या पैशांत दोन महिनेही निघाले नसते आणि तिसऱ्या महिन्यात मी चांगल्या पगाराच्या मागे लागले असते. इथे कमी पगारही गोड लागतो. म्हणून सांगते, दर सहा महिन्यांनी एक इंटरव्ह्यू द्या, नोकरी सोडायची नसली तरी. बाहेर आपली किंमत काय आहे ते तिथेच कळतं.

ओळखीने लावणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे, कोणाला लागलं तरी चालेल. जो माणूस तुमच्याकडून पैसे घेतो किंवा महिन्याच्या स्टायपेंडमधून ‘थोडंसं’ मागतो, तो काका असो की मामा, त्याचे उपकार नाहीत. नोटांच्या प्रेसमध्ये, सिक्युरिटी प्रेसमध्ये लावतो म्हणणारे तर सरळ फसवणारे समजा. तिथली भरती जाहिरात निघून, परीक्षा घेऊन होते. आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासांना तीस-चाळीस हजार देऊ नका. तेवढ्यात तुमचं कितीतरी महिन्यांचं भाडं आणि डबा निघतो. लाइनवर जे मिळतं ते क्लासात मिळत नाही.

मला खरं शिकवलं ते टेस्टिंगच्या एका जुन्या काकांनी. रिजेक्शन आलं की ते ओरडायचे नाहीत, तो लग हातात देऊन विचारायचे, ‘सांग, कुठे ढिला आहे?’ तार ओढून बघायची, बोटाने चाचपायची, मग मीटर लावायचा. आज मी क्वालिटी बघते ती त्यांच्याच हाताने. पण माझा कागद कसला आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते कधी बोलले नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि ही एक गोष्ट अजून बोचते. म्हणून माझ्या लाइनवर नवीन मुलगी आली की मी आधी तिचा कागद मागते, काम मग शिकवते.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. नाशिक सुरुवातीला उत्तम आहे. इथे इलेक्ट्रिकल आणि ऑटोच्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांना माल देणारी कितीतरी छोटी युनिट्स. मित्र म्हणतील, पुण्याला चल. जा, पण दोन वर्षांनी. छोट्या व्हेंडरकडे पहिली दोन वर्षं काढा, फक्त पीएफ भरणारा बघा. मोठ्या कंपनीत एकाच स्टेशनवर एकच स्क्रू आवळायला लावतात. छोट्या ठिकाणी इनकमिंग तपासणी, टेस्टिंग, डिस्पॅच, गिऱ्हाइकाचं ऑडिट, सगळं अंगावर पडतं. गोंद्यानंतर मी मुद्दाम अंबडच्या एका साठ माणसांच्या युनिटमध्ये आले आणि तीन वर्षांत मागचं बरंचसं भरून काढलं. सगळं नाही. ती वर्षं पीएफच्या पासबुकात कधीच येणार नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या खोलीत साक्रीची एक मुलगी आली. आयटीआय, इलेक्ट्रिशियन. हातात पत्र, चेहरा फुललेला. मी पत्र मागितलं तेव्हा तिला ते आवडलं नाही, हे दिसत होतं. ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द होता. म्हटलं, नोंदणी क्रमांक विचारून ये, नाही दिला तर सही करू नको. दुसऱ्या दिवशी ती गेली, संध्याकाळी आली. क्रमांक मिळाला होता, करार एक वर्षाचा, कंपनीच्या स्वतःच्या नावावर. आम्ही दोघींनी तिच्या मोबाइलवर पोर्टल उघडून तिचं नाव शोधलं. सापडलं. आता तिची फर्स्ट शिफ्ट असते आणि सकाळी सहाला त्रिमूर्ती चौकात आम्ही एकाच बसला उभ्या असतो.