डिपोलरायझेशन डोक्यात कसं बसवायचं
बारावीच्या पोरांनो, व्याख्या घोकू नका, हा शब्द फिजिक्स नि बायोलॉजीत वेगवेगळ्या अर्थाने येतो, आधी फिजिक्सचं डिपोलरायझेशन डोळ्यांनी बघा. सिद्धेश्वर तलावावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड गॉगल (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणारा) घ्या, लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळीकुट्ट होते, आता मध्ये बटर पेपर सरकवा, लगेच उजेड येतो कारण कागदात प्रकाश विखुरतो नि त्याची ठरलेली कंपनदिशा मोडते. हेच ते डिपोलरायझेशन!

बायोलॉजीत डिपोलरायझेशन म्हणजे प्रकाश नाही, पेशीच्या आतलं व्होल्टेज बघायचं. चेतापेशी आतून साधारण -७० मिलिव्होल्ट, भाकरीच्या तव्याचा चटका बसला की पॉझिटिव्ह आयन आत येतात, -५५ च्या आसपास पोचलं की सोडियमची दारं धडाधड उघडतात अन् थेट +३० पर्यंत उडी. आकडा वजाकडून वर चढतो, खाली जात नाही, इथंच मार्क जातात.