पाबाची गोळी आणि पाबाचं लोशन : या चुका टाळा

बाटलीवर कुठे ‘व्हिटॅमिन बी-१०’ छापलेलं असतं, कुठे ‘व्हिटॅमिन बीएक्स’. आत असतं ते पाबा, म्हणजे पॅरा-अमिनोबेंझोइक अ‍ॅसिड. नाव काहीही असलं तरी माणसासाठी हे जीवनसत्त्व नाही. जिवाणू पाबा वापरून स्वतःचं फोलेट (फोलिक अ‍ॅसिडच्या गटातलं जीवनसत्त्व) बनवतात. आपल्या पेशींत ती सोयच नाही, आपल्याला फोलेट तयार स्वरूपातच मिळावं लागतं. फोलिक अ‍ॅसिडच्या रेणूत पाबाचा तुकडा असतो खरा, पण म्हणून फोलिक अ‍ॅसिडऐवजी पाबा चालत नाही. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगितलं असेल, तर तेच घ्यायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सल्फा औषध चालू असताना पाबाची गोळी घेणं. को-ट्रायमोक्साझोलमधला (सेप्ट्रान, बॅक्ट्रिम वगैरे) सल्फामेथोक्साझोल हा घटक दिसायला पाबासारखाच असतो. जिवाणूचं एन्झाइम फसून पाबाऐवजी त्याला पकडतं, फोलेट बनणं थांबतं आणि जिवाणूंची वाढ खुंटते. १९४० साली डोनाल्ड वुड्स यांनी दाखवून दिलं की पाबा वाढवला, तर सल्फाचा हा परिणाम निघून जातो. म्हणजे लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी सल्फा दिलंय आणि तुम्ही केसांसाठी पाबा घेताय, तर औषध घेऊनही ताप का उतरत नाही हे कुणाच्याच लक्षात येणार नाही. कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोनही याच जागी काम करतं, त्यामुळे त्याच्यासोबतही पाबा नको. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं की सप्लिमेंटची बाटलीही समोर ठेवा. ‘ते काय, व्हिटॅमिनच आहे’ म्हणून गाळू नका.

पांढरे केस काळे होतील म्हणून पाबा घेणारेही आहेत. ही आशा १९४०च्या दशकातल्या प्रयोगांपासून चालत आली आहे, पण भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. आमच्या मते निरोगी माणसाला ही गोळी घेण्याचं कारणच नाही. पेरोनी रोगात (लिंगात गाठ धरून ते वाकडं होण्याचा आजार) पाबाचं पोटॅशियम क्षारस्वरूप दिवसाला १२ ग्रॅमपर्यंत, विभागून, जेवणासोबत दिलं जातं. तिथेही भूक मरणं, मळमळ, यकृताला सूज असे त्रास होतात. जेवण सुटलं तर साखर खाली येऊ शकते, म्हणून त्या दिवशी औषध थांबवतात. असा डोस स्वतःच्या मनाने घ्यायचा नसतो.

आता उन्हाचं. गोळी गिळून त्वचेवर सनस्क्रीनचा थर चढत नाही. पाबा ऊन अडवतो तो वरून लावल्यावर, आणि तोही फक्त यूव्हीबी हे अतिनील किरण (२८०–३२० नॅनोमीटर). ३२० ते ४०० नॅनोमीटरचं यूव्हीए जवळजवळ सगळं आत जातं. म्हणजे त्वचा लाल होत नाही, पण काळवंडत राहते. पूर्वीचं लोशन म्हणजे अल्कोहोलमध्ये ५ टक्के पाबा. पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डाग आणि पुष्कळांना अ‍ॅलर्जी. युरोपीय संघाने सनस्क्रीनमध्ये त्यावर बंदी घातली आहे आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१९च्या प्रस्तावात त्याला सुरक्षित मानलेलं नाही. तरीही परदेशातून आलेली जुनी बाटली घरात असू शकते. ती वापरू नका.

अ‍ॅलर्जीत इथेच गल्लत होते. ‘पाबा-फ्री’ एवढं वाचून थांबू नका, घटकांची यादी बघा. ‘इथाइलहेक्सिल डायमिथाइल पाबा’ किंवा ‘पॅडिमेट-ओ’ असेल, तर ते पाबाचंच भावंड. काळ्या मेंदीतलं किंवा हेअर डायमधलं पीपीडी, घसा दुखल्यावर चघळायच्या काही गोळ्यांतलं आणि तोंड आल्यावर लावायच्या जेलमधलं, जागा सुन्न करणारं बेंझोकेन हीसुद्धा याच कुळातली रसायनं. डायने कधी डोकं, कान सुजले असतील, तर पाबानेही अंगावर पुरळ येऊ शकतं. हे दातांच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

पुरळ नेमकं कुठे उठलंय ते आरशात नीट बघा. कपाळ, गाल, गळ्याचा उघडा भाग, हाताची पाठ लाल, पण हनुवटीखालची सावलीतली जागा, कानामागची त्वचा आणि पापण्यांच्या घड्या स्वच्छ असतील, तर लोशन आणि ऊन मिळून झालेली अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी कोपराच्या आत थोडं लावून घरी केलेली चाचणी फसवते, कारण तिथे ऊन पोचत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे फोटो-पॅच टेस्ट करून घ्या. त्यात पट्ट्यांच्या दोन सारख्या रांगा लावतात आणि एकीवरच यूव्हीए सोडतात, साधारण ५ जूल प्रति चौरस सेंटिमीटर. पुरळ फक्त त्याच रांगेत उठलं, तर खरं कारण कळतं.

तोपर्यंत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, एसपीएफ ३० आणि पीए+++ (हे यूव्हीएपासूनच्या संरक्षणाचं माप) असलेलं सनस्क्रीन घ्या. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लावा, आणि उन्हातच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.