बीटलचं वय मागच्या काचेवरून ओळखा
१९३८ मध्ये सुरू झालेली फोक्सवॅगन बीटल थेट २००३ पर्यंत बनत होती. बाह्याकार जवळपास तोच, म्हणून वर्ष ओळखताना भलेभले चकतात. मी आधी गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो. मागची काच मधल्या पट्टीने दुभंगलेली असेल, तर गाडी मार्च १९५३ च्या आसपासची किंवा त्याआधीची. अखंड लंबगोल काच १९५७ पर्यंत चालली. मला तीच सगळ्यात देखणी वाटते. पुढे काच रुंद, चौकोनी झाली. मग समोर या: मागे कललेले हेडलाइट जुने, उभे नंतरचे. पण हेडलाइट ज्यात बसवलेले असतात ते मडगार्ड बोल्टवर बसतात, सहज बदलता येतात, तेव्हा हेडलाइटवर विसंबू नका. मागची सीट उचला, मधल्या उंचवट्यावर ठोकलेला चासी नंबर वाचा आणि कागदपत्रांशी ताडून पाहा.