हॅवलॉकला स्कुबा शिकायला जाताय? आधी श्वास, मग कासव

अंदमानला सुट्टीवर गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेल बघतो, राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघतो आणि मधल्या एखाद्या सकाळी 'स्कुबा करून' येतो. ती असते ट्राय डाइव्ह. इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून तुम्हाला फिरवतो, फोटो काढतो आणि वर आणून सोडतो. मालवण-तारकर्लीला करून आला असाल, तर हेही साधारण तेच. त्यात वाईट काही नाही. पण समुद्रातले प्राणी निवांत बघायचे असतील, तर सुट्टीतले तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स, करावा, असं माझं मत आहे. ज्यांच्या डोक्यात हा विचार घोळतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच आहे. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) खासगी फेरीने दीड-दोन तास लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे हा हंगाम, त्यातही जानेवारी ते एप्रिल पाणी सहसा जास्त स्वच्छ असतं. तिथे उजाडतं लवकर आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारायला लागतं, त्यामुळे बोटी सकाळीच सुटतात. रात्री जागायचा बेत असेल तर तो मुंबई-पुण्यातच उरकून या.

कोर्सचा अभ्यास ऑनलाइन असतो. तो घरूनच संपवून निघा, कारण बेटावर नेटवर्कचा भरवसा नाही. ट्राय डाइव्हला पोहता येत नसलं तरी चालतं, कोर्सला चालत नाही. २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवावं लागतं. वेळेचं बंधन नसतं, कुठल्याही पद्धतीने पोहा. पोहण्याची सवय मोडली असेल तर दोन महिने आधी गावातल्या तलावात जायला लागा. वैद्यकीय फॉर्मवर सगळीकडे 'नाही'वर खूण करून मोकळं होणारे बरेच दिसतात. ते करू नका. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास यातलं काही असेल, तर डॉक्टरांचं पत्र घरूनच घेऊन जा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारा. समोर कासव आणि डोळ्यांपुढे धूसर, असं व्हायला नको.

पहिला दिवस उथळ पाण्यात जातो. सगळ्यात धास्ती असते ती मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन नाकाने उच्छ्वास सोडत ते बाहेर काढण्याची. नाकाशी पाणी आलं की जीव घाबरा होतो, ते अगदी स्वाभाविक आहे. कंबरभर पाण्यात हे पुन्हा पुन्हा करून घ्या, इन्स्ट्रक्टर कंटाळेपर्यंत.

दुसरी गोष्ट कानांची. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं ते उतरायला लागल्यापासूनच, कान दुखायची वाट न बघता. कान उघडत नसेल तर थोडं वर या. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही, पैसे भरले असले तरी नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, हा नियमही याच दाबातून येतो: वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि तिला बाहेर जायला वाट हवी.

आता मुद्द्याचं. पाण्यात ना वर ना खाली, एका पातळीवर राहता येणं हेच या कोर्समधलं खरं शिक्षण. बाकीची कौशल्यं परीक्षेपुरती लागतात, हे दर मिनिटाला लागतं. जॅकेटमध्ये हवा भरण्याचं बटण असतं आणि नवा माणूस सतत त्याच्याशी खेळत बसतो. पण बारीक काम फुप्फुसांचं असतं. खोल श्वास घेतला की शरीर वर सरकतं, सोडला की खाली. मात्र लगेच नाही, एक-दोन सेकंदांनी. तो उशीर अंगवळणी पडेपर्यंत आपण वरखाली होत राहतो. नवख्याने वर पळू नये म्हणून कमरेला शिसं बरेचदा जरा जास्तच लावतात. पहिल्या डाइव्हनंतर वजन पुन्हा तपासून मागा. पाण्याच्या पृष्ठभागावरच जॅकेट रिकामं करून, नेहमीसारखा श्वास घेऊन तो क्षणभर धरल्यावर (हे फक्त वर असताना) पाणी डोळ्यांच्या पातळीशी राहिलं, तर वजन बेताचं आहे. हातांनी पाणी मारायची सवय सोडा, हात छातीशी धरा. श्वास संथ झाला की हवा पुरते आणि ज्यांना बघायला आलात ते प्राणी लपणं सोडतात.

नेमो रीफसारख्या उथळ जागीसुद्धा हे दिसतं. समुद्रफुलात राहणारा क्लाउनफिश बोटाएवढा, पण थेट मास्कवर चाल करून येतो. त्या जोडीतली मोठी ती मादी. ती गेली तर नराचीच मादी होते. कपारीतून तोंड उघडमीट करणारा मोरे ईल, आपल्या वामीचा भाऊबंद, चावायला निघालेला नसतो, श्वास घेत असतो. निळ्या ठिपक्यांचा पाकट वाळूत अर्धा पुरलेला असतो, म्हणून तळावर गुडघे टेकायचे नाहीत. दगड वाटणारा दगड स्टोनफिश असू शकतो, म्हणून हात कुठेच टेकायचा नाही. टायटन ट्रिगरफिश अंड्यांवर असताना खरंच अंगावर येतो. त्याची हद्द वर रुंद होत जाते, म्हणून वर पळू नका, आडवे दूर व्हा.

मला सगळ्यात आवडते ती साफसफाईची जागा. इवलेसे क्लीनर रॅस मासे मोठ्या गोब्र्याच्या तोंडात शिरून किडे टिपतात, आणि बाकीचे मासे सलूनमधल्या गिऱ्हाइकांसारखे नंबर लावून थांबलेले असतात. दोन-तीन मीटर लांब, कडेला स्थिर राहिलात तर हे चालू राहतं. मध्ये घुसलात की दुकान बंद.

कासवाला हवा घ्यायला वर जावं लागतं, त्यामुळे त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू नका. बाजूने, त्याच्या चालीने जा. पाठलाग केलात तर त्याची पाठ तेवढी दिसेल. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं ऐकून लगेच तिकडे चला म्हणू नका. तिथे खोल जावं लागतं आणि ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे. ब्रेड टाकून मासे गोळा करणारा कोणी भेटला, तर दुसरा डाइव्ह सेंटर बघा. प्रवाळ उचलून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. विमानतळावर बॅगा तपासतात. संध्याकाळी ताटात तांबोशी आली की ओशाळल्यासारखं होतं, हे मात्र खरं. मी खाते.

परतीचं तिकीट काढताना एक हिशेब ठेवा. अनेक डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. शिवाय समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. पॅकेजवाले सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी घालतात. त्यांना सांगा, जेल शेवटच्या दिवशी ठेवा, आणि परतीचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशीचं घ्या.