पोर कुस्ती खेळतंय? स्पर्धांचा हंगाम घर न विस्कटता असा सांभाळा

पोर तालमीत जायला लागलं की घरातला दिवा पहाटे पाचला लागतो. त्याची सवय होते. खरी ओढाताण सुरू होते ती स्पर्धांची पत्रकं यायला लागल्यावर. दर रविवारी कुठं ना कुठं कुस्त्या असतात, आणि धाकटीला क्लासला कोण सोडणार हे शनिवारी रात्रीपर्यंत ठरलेलं नसतं. हे सावरायचं तर पुढची कामं हंगामाआधीच उरका.

१. आधी वर्ष मांडा, मग नाव नोंदवा

शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. पोर जिंकत गेलं की तारखा सहामाही आणि दिवाळीच्या अंगावर येतात. कुस्ती संघटनेच्या निवड चाचण्या वेगळ्याच. गुढीपाडव्यानंतर यात्रांची मैदानं लागतात, त्याच दिवसांत लग्नसराई. म्हणून जूनमध्येच भिंतीवरच्या कॅलेंडरवर परीक्षा, घरातली कार्यं आणि भावंडांचे कार्यक्रम लिहून टाका. कुस्त्या त्यानंतर. मग तालमीत जाऊन सरळ विचारा, "वस्ताद, यंदा कुठल्या स्पर्धा चुकवायच्याच नाहीत?" जाणता वस्ताद मोजकीच नावं घेतो. बाकीच्या सरावाच्या. तिथं मामाचं लग्न आडवं आलं तर खुशाल लग्नाला जा.

वयोगटही तेव्हाच बघून ठेवा. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, संघटनेच्या स्पर्धांत १५, १७ आणि २०. दोन्हीकडे एकच गट धरून चाललात तर ऐनवेळी धावपळ होते.

२. वजनगट घराला झेपेल असा धरा

घरातली निम्मी भांडणं वजनकाट्यावरून होतात. समजा पोराचं नेहमीचं वजन ५३ किलो आहे. १७ वर्षांखालील मुलांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५१ आणि ५५ असे लागोपाठ गट आहेत. कुणीतरी कानात सांगतं, "दोन किलो तोडा, ५१ ला पदक पक्कं." झालं! पोर चार दिवस घोटभर पाण्यावर काढतं, भर दुपारी जर्किन चढवून पळतं आणि घरी येऊन सगळ्यांवर खेकसतं. त्याच्यासमोर भाकरी वाढायची आईला चोरी. आजी गुपचूप लाडू देते, ते बापाला कळतं आणि रात्री आवाज चढतात.

माझं मत विचाराल तर ५५ ला लढवा. सुरुवातीला दोन-चार कुस्त्या जातील, जाऊ देत. वाढीच्या वयात अंगातलं पाणी तोडून वजन उतरवणं धोक्याचं, आणि असं वाळवलेलं पोर मॅटवर दुसऱ्या फेरीत पायावर उभं राहत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगट ५० किलोच्या वर फक्त १०० ग्रॅम भरली आणि अपात्र ठरली. रात्रभर झटणारी माणसं सोबत असून तिथं ही कसरत साधली नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात नकोच.

वजन आठवड्यातून एकदा बघा, सकाळी उपाशीपोटी. रोज काट्यावर उभं करू नका.

३. खुराक सगळ्यांचा करा

पैलवानासाठी तूप-बदामाचा वेगळा डबा ठेवला की भावंडांच्या मनात अढी बसते. बदाम भिजवाल तेव्हा मूठभर जास्त भिजवा, थंडाई सगळ्यांना द्या. दूध, अंडी, उसळी, शेंगदाणे यांवर या वयाचं पोर चांगलं भरतं. दुकानातली पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि बहिणीला नुसती थंडाई घोटायला बसवू नका. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. न जाणो, घरातला खरा पैलवान तीच निघायची!

४. स्पर्धेला एकानेच जा

१७ वर्षांखालची लढत दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. त्यासाठी अख्खा दिवस हॉलमध्ये काढावा लागतो. सगळं घर नेलंत तर लहानगी दुपारी कंटाळून रडायला लागतात. मॅटच्या स्पर्धेला आई किंवा वडील, एकजण पुरे. घरच्यांना यात्रेच्या मैदानाला न्या. तिथं हलगी असते, पाळणे असतात, आजोबांना चार जुने पैलवान भेटतात.

पिशवी आदल्या रात्री पोरानेच भरावी. लाल आणि निळी दोन्ही कॉस्च्युम, बूट, रुमाल, जन्मदाखला आणि आधारची मूळ प्रत, शाळेचा दाखला, फोटो. नखं घरीच कापा, नाहीतर तपासणीच्या रांगेत नेलकटर मागत फिरावं लागतं. वजन बहुतेक ठिकाणी सकाळीच होतं, त्यामुळे लांबचं गाव असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला पोचा. वजन झाल्या झाल्या मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी थोडं थोडं द्या, मग केळं, मग दहीभात. हॉलबाहेरची मिसळ लढती संपल्यावर.

५. परतताना कुस्ती उकरू नका

हरलेल्या पोराला गाडीत व्हिडिओ दाखवून "इथं पट का सोडलास?" असं विचारायचं नाही. ते काम वस्तादांचं, तेही दुसऱ्या दिवशी. घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ. टॉवेल त्याचा त्यालाच, कपडे वेगळे धुवा. गजकर्ण तालमीतून घरात येतं ते अशाच टॉवेलमधून. अंगावर गोल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत मातीत-मॅटवर सोडू नका.

सुट्टी हवी असेल तर शाळेला आधीच अर्ज द्या. स्पर्धांची प्रमाणपत्रं एका फाईलला लावा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, तेव्हा ती शोधत बसावं लागत नाही.

६. "पोराला तालमीतच ठेवा" असं सांगितलं तर

पोर चमकायला लागलं की हे कधीतरी कानावर येतंच. कोल्हापुरात गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत बाहेरगावची पोरं राहून मेहनत करतात. लगेच हो म्हणू नका. तालीम दोनदा बघून या, एकदा न सांगता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. स्वयंपाक कोण करतं, शाळा किती लांब, रात्री पोरांजवळ मोठं माणूस कोण असतं, दुखापत झाली तर दवाखान्यात कोण नेतं, हे विचारा. तिथल्या लहान पोरांशी वस्ताद नसताना बोला. मग वार्षिक परीक्षा संपल्यावर सुट्टीपुरतं ठेवून बघा. जूनमध्ये शाळेचा दाखला काढायचा की नाही, ते पोराला विचारून ठरवा.